सोनचाफा लावताना या चुका टाळा

सोनचाफा म्हणजे आपल्याकडचा मॅग्नोलियाच. त्याच्याविषयी तक्रार मात्र बहुधा एकच ऐकू येते: झाड उंच गेले, फूल नाही. बियांपासून केलेले रोप फुलायला सात-आठ वर्षेही घेते, तर कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळ्या धरते. म्हणून रोपवाटिकेतल्या ‘कलमीच आहे’ या आश्वासनावर न विसंबता खोडावरची सांध्याची गाठ बोट फिरवून पाहावी आणि ती नसेल तर पिशवी जागेवर ठेवावी.

कलम आणूनही ते घालवणारे लोक आहेत. पुण्यातील एका परिचितांनी रोप वाऱ्याने कलंडू नये म्हणून सांध्याच्या वरपर्यंत मातीची भर घातली. पावसाळ्यात बुंध्यातून जोमदार फुटवे आले तेव्हा घरात आनंद झाला. वरची कलमाची काडी वाळत गेली, याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. खुंटही, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचे रोपही, सोनचाफ्याचेच असल्याने पाने सारखी दिसतात आणि फसगत कळत नाही. झाड गच्चीला टेकल्यावर त्यांनी मला ‘फुलांचे औषध’ विचारले. असे औषध नसते; तिथे नवे कलमच लावावे लागले. मी सांधा जमिनीपासून वीतभर वर ठेवतो, आधाराला काठी बांधतो आणि पाणी घालताना वाकून बुंधा पाहतो. सांध्याखालचा फुटवा कोवळा असतानाच अंगठ्याने मुळापासून मोडावा, कारण कात्रीने कापल्यास बुडाचा डोळा उरतो आणि तो पुन्हा फुटतो.

दुसरी चूक पाण्याची. कोकणातल्या जांभ्या मातीत पाणी निथळते, परंतु देशावरच्या काळ्या जमिनीत खड्डा म्हणजे हौदच होतो आणि या झाडाची मांसल मुळे त्यात कुजतात. पाने पिवळी पडली की उतावळे लोक आणखी पाणी ओततात. वास्तविक आधी माती उकरून ओल पाहावी. कोवळे पान पिवळे पण शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीची जमीन किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी यांमुळे झाडाला लोह मिळत नसते. अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला शोषता येईल अशा रूपातले लोह, द्यावे.

सावलीत लावू नये. कुंडी बदलताना मुळांभोवतालची माती झाडू नये. छाटणी बहर ओसरल्यावर हलकीच करावी. पानांवर काळी बुरशी दिसताच बुरशीनाशक आणण्यापूर्वी फांद्यांवर चिकटलेले तपकिरी खवले, म्हणजे खवलेकीड, शोधावेत, कारण ती काजळी त्या किडीच्या गोड चिकट स्रावावरच वाढते. जुन्या दातघासणीने आणि साबणाच्या पाण्याने खवले घासून काढले की बहुधा भागते.