खान्देशात चौकाचं मातीचं घर बांधताय? या चुका टाळा

यावलकडच्या आमच्या जुन्या घराला आम्ही हौसेनं सिमेंटचं प्लास्टर केलं. दरवर्षी भिंती सारवायच्या, पोतारा द्यायचा, याचा घरात कंटाळा आला होता. एकदाच काय तो खर्च करू, मग बिनघोर, असं सगळ्यांचंच मत पडलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आत्यानं बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाली, "भीत पोकळ वाजी ऱ्हायनी." म्हणजे भिंत पोकळ वाजतेय. प्लास्टरची कड धरून ओढली तर हातभर खपली खाली आली. आतली माती मळलेल्या कणकेसारखी ओली होती, बोट सहज दोन पेरं आत गेलं.

मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडते. वरून सिमेंट मारलं की ओल येण्याची वाट तशीच राहते, जाण्याची मात्र बंद होते. मग पाणी भिंतीतच चढत जातं, लोणा म्हणजे खाराची पांढरी भुकटी धरते, उधई म्हणजे वाळवी येते. प्लास्टिक पेंटही हेच करतो. भिंतीला बाहेरून माती, शेण आणि बारीक भुसा यांचा गिलावा द्या आणि त्यावर चुन्याचे तीन-चार पातळ हात मारा. चुना आधी नीट विझवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. घाईनं वापरलेल्या चुन्यातले कच्चे खडे भिंतीवर गेल्यावर फुगतात आणि फोडासारखे उडतात.

सिमेंट मारून झालंच असेल तर भिंत पाडू नका. दिवाळीनंतर जोत्यापासून तीन फुटांपर्यंतचं प्लास्टर आधी काढा आणि पूर्ण उन्हाळाभर भिंत उघडी वाळू द्या. खड्डे भरायला त्याच जातीची माती वापरा, वीट-सिमेंट नको.

काळ्या मातीवर पाया

कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर दोन फुटांचा पाया घातला तर घर दरवर्षी वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या निघालेल्या, पावसाळ्यात मिटणाऱ्या आणि उन्हाळ्यात उघडणाऱ्या भेगा दिसल्या तर दोष पायाचा समजा. अशा भेगेत सिमेंट भरलं की पुढच्या वर्षी ती शेजारी निघते. खणताना मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा. तापीकाठच्या खोल गाळात तो लागत नाही. तिथे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले खांब, घालायची रीत आहे. ते साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण त्याखाली मातीची ही हालचाल फारशी उरत नाही. हे काम अभियंत्याकडूनच करून घ्या. जोतं काळ्या पाषाणाचं, निदान अडीच फूट उंच ठेवा. जोत्याला लागून फुलझाडांचे वाफे करू नका, तिथलं रोजचं पाणी थेट पायात जातं.

भिंतीसाठी हीच काळी माती वापरणं ही तर सरळ चूक. बाटलीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा, रात्रभर ठेवा. वाळू, गाळ आणि चिकणमातीचे थर वेगळे दिसतील. चिकणमाती तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल तर वाळू मिसळा, नाहीतर विटा वाळतानाच तडकतात. आणि गावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेच्या, टेकाडावरून माती उचलू नका. प्रकाशे आणि बहाळ इथल्या अशाच टेकाडांत ताम्रपाषाणयुगाच्या वस्त्या सापडल्या आहेत. ते टेकाड म्हणजे आपलाच दस्तऐवज आहे, ट्रॅक्टरनं वाहून न्यायची वस्तू नव्हे.

धाबं जड होत जातं

धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, दरवर्षी पावसाआधी खाऱ्या मातीचा नवा थर देतात, जुना मात्र कुणी उतरवत नाही. एक फूट मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे 500 किलो भरतं, भिजल्यावर आणखी वाढतं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं, म्हणजे अशीच मातीची छपरं, माणसांवर कोसळली, हे विसरू नये. जुनी माती खरवडून थर सहा इंचांपर्यंत आणा. तुळईला खालून दोरी ताणून बघा. मधोमध बाक आला असेल तर नवी माती टाकण्याआधी टेकू द्या. किनारीला झाड उगवलं असेल तर मुळासकट काढा.

धाब्याला उतार आणि पन्हळी कमी ठेवण्याची चूकही नेहमीची. तासाला 50 मिमी पाऊस झाला तर 1000 चौरस फूट धाब्यावरून साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी उतरतं. एका पन्हळीनं ते जात नाही, मग कठड्याच्या मागे साचतं आणि छपराच्या आडव्या लाकडाच्या, म्हणजे कडीच्या, भिंतीतल्या टोकापाशी झिरपतं. लाकूड आधी तिथेच कुजतं.

चौक म्हणजे शोभा नव्हे

चौकाचं, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणाचं, माप चित्रात बघून ठरवतात, आणि माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. जळगावला डिसेंबरच्या दुपारी भिंतीची सावली साधारण तिच्या उंचीएवढी पडते. दक्षिणेची बाजू दहा फूट उंच आणि चौक दक्षिणोत्तर आठ फूट, तर थंडीत चौकात ऊन उतरणारच नाही, फरशी शेवाळेल. उलट मेच्या शेवटी, रोहिणी निघते त्या सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा भिंतींची सावली कामाची नसते, वरूनच आडोसा लागतो. बांबूच्या चौकटीवर गोणपाट ताणा आणि मृगात काढून ठेवा. चौकावर कायमचा पत्रा ठोकला तर रात्री वर जाणारी गरम हवा कोंडते आणि चौक असून नसल्यासारखा होतो. दारं-खिडक्या सकाळी नऊला बंद, दिवस मावळल्यावर उघड्या, ही शिस्त नसेल तर जाड भिंतींचाही उपयोग नाही.

चौकभर फरशीही घालू नका. मधे माती राहू द्या, एखादा कडुनिंब किंवा निदान तुळस लावा, पण भिंतीकडून मोरीकडे उतार हवाच. मोरीचं तोंड वीतभर रुंद ठेवा आणि जाळी हातानं काढता येईल अशी बसवा, कारण पहिल्याच सरीत कडुनिंबाचा पाला तिथे जाऊन अडकतो.

नवं घर असो की दुरुस्त केलेलं, पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन चौकात उभे राहा. पाणी जिथे थांबेल तिथे कोळशानं खूण करा आणि पाऊस उघडला की गवंड्याला तीच खूण दाखवा.