स्काऊट पथक कसं चालवावं: आधी शिट्टी खिशात ठेवा

‘स्काऊट मास्टर व्हायचंय, काय करू?’ असं विचारणाऱ्याला लोक दोन सल्ले देतात. एक, गणवेश शिवून घे. दोन, पोरांवर वचक ठेव. पहिला निरुपद्रवी आहे. दुसऱ्याने माझी तीन वर्षं खाल्ली.

मी शिक्षक नाही. नोकरी बँकेत, पथक साताऱ्यातलं आणि शाळेबाहेरचं, ज्याला ओपन युनिट म्हणतात ते. दर रविवारी सकाळी दोन तास, आणि वर्षातून एक-दोन शिबिरं. महाराष्ट्रात बहुतेक पथकं शाळांची असतात आणि ती चालवायचं काम ज्या सरांना ‘नाही’ म्हणता येत नाही त्यांच्या गळ्यात पडतं. तुम्ही तसे सर असाल तरी पुढचं लागू आहे, हौसेने आलेले असाल तर जास्तच.

कागदपत्रं आणि कोर्स

जिल्हा स्काऊट आणि गाईड कार्यालयात जाऊन जिल्हा संघटकांना भेटा. पथकाची नोंदणी दरवर्षी करावी लागते, ती विसरू नका. बेसिक कोर्स 7 दिवसांचा आणि निवासी असतो. रजा टाका आणि पूर्ण करा, ‘नंतर बघू’ म्हणू नका. तिथे मोठ्या माणसांनाही संघांत वाटतात, पहाटे उठवतात आणि दोरीच्या गाठी मारायला लावतात. बावन्न वर्षांचे मुख्याध्यापक संघनायकाकडे तंबूच्या खुंट्या मागताना पाहिले की पुष्कळ गोष्टी कळतात. ॲडव्हान्स कोर्स आणि हिमालय वुड बॅज हे वरचे टप्पे पुढे होतील. पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्राची स्वप्नं आत्ताच नकोत.

मुलं 10 वर्षांपुढची घ्या. त्याहून लहान आली तर त्यांच्यासाठी कब आणि बुलबुल विभाग वेगळे आहेत, धाकट्या भावाला ‘सोबत’ म्हणून पथकात घुसवू देऊ नका. एका संघात 6 ते 8 मुलं, पथकात 4 संघ, म्हणजे फार तर 32. त्यावर एकही नको, कोणाचाही फोन आला तरी. मुलींचं पथक असेल तर त्याला कंपनी म्हणतात आणि स्काऊट मास्टरच्या जागी गाईड कॅप्टन येते. बाकी गोष्ट तीच.

पालकसभेत पहिला प्रश्न येईल तो स्काऊटिंगमुळे दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचा. राज्य पुरस्कारापर्यंत पोचायला प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान अशा पायऱ्या आहेत आणि त्यांना वर्षं लागतात, एवढंच सांगून विषय बदला.

सुरक्षितता

इथे माझं मत वगैरे काही नाही, हे पाळायचंच. एकटा मोठा माणूस मुलांसोबत कधीच नको, किमान दोघे. मुलांच्या तंबूत मोठ्यांनी झोपायचं नाही. मुलांना खासगी संदेश पाठवायचे नाहीत, जे काही असेल ते पालक असलेल्या गटावर. प्रत्येक शिबिराला पालकांची लेखी संमती, ॲलर्जी आणि चालू औषधांची नोंद. 2012च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक छळाची माहिती मिळाल्यावर, किंवा तशी शंका आल्यावरही, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी आपसांत बघू’ हा पर्याय कायद्यात नाही. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

आता खरं काम: संघपद्धती

ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर झालं, तेव्हा स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ एका मुलाच्या हाती दिला. सगळी चळवळ या एका कल्पनेवर उभी आहे. कोर्सात ती शिकवतात, वहीत आपण ती उतरवून घेतो, आणि पहिल्याच रविवारी मैदानावर 28 मुलं दंगा करताना दिसली की शिट्टी काढतो.

मीही काढली. माझ्या शिट्टीला पथक हलत होतं. एक लांब म्हणजे शांत आणि पुढच्या खुणेकडे लक्ष, लागोपाठ आखूड म्हणजे गोळा व्हा, तीन आखूड आणि एक लांब म्हणजे संघनायकांनी या. पाहुणे म्हणायचे, काय शिस्त आहे! मीही फुगायचो. तिसऱ्या वर्षी सज्जनगडाच्या पायथ्याशी आमचं शिबिर होतं. रात्री एका मुलाला ताप चढला, त्याला घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. मागे दोन पालक होते. तेवढ्यात वळवाचा पाऊस आला. दीड तासाने परतलो तर दोन तंबू आडवे, पांघरुणं चिखलात, आणि पोरं झाडाखाली रांगेत भिजत उभी. पालक बिचारे त्यांच्याभोवती छत्री घेऊन फिरत होते. मी सगळ्यात थोरल्या संघनायकाला विचारलं, ‘तंबूच्या दोऱ्या का नाही ओढल्यास?’ तो म्हणाला, ‘सर, शिट्टीच नाही वाजली.’

त्याला दोऱ्या ओढता येत होत्या. द्वितीय सोपान झालेला मुलगा तो.

त्यानंतर मी जे बदललं ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, मी तो आधी उलटा लावला होता आणि सहा महिने वाया घालवले.

आधी संघ नीट पाडा. इयत्तेप्रमाणे नाही, उंचीप्रमाणे तर नाहीच नाही. पाचवी ते नववीची मुलं एकाच संघात हवीत, आणि जी एकाच गल्लीतून सायकलवर येतात त्यांना तोडू नका. लोक म्हणतात, मित्र एकत्र आले की गप्पा मारतात. मारू द्या. रात्री दोन वाजता पहाऱ्याला उठायचं असतं तेव्हा पोरगं मित्रासाठीच उठतं, सरांसाठी नाही. एकदा पाडलेले संघ दरवर्षी विस्कटू नका.

मग संघनायक. रीत अशी की संघाने निवडायचा आणि स्काऊट मास्टरने मान्यता द्यायची. मी मात्र स्वतःच नेमायचो: अक्षर चांगलं, गणवेश कडक, सरांशी नम्र. थोडक्यात वर्गाचा मॉनिटर. असा मुलगा तुमच्याकडे बघत असतो, त्याच्या संघाकडे नाही. आमच्याकडे एक मुलगा होता, कायम दहा मिनिटं उशिरा यायचा, स्कार्फ कधीच धड नाही. मी त्याला दोन वर्षं मागे ठेवलं. पण तो येईपर्यंत त्याचा संघ खेळ सुरूच करायचा नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मला दिसत नव्हतं. शेवटी मुलांनी मतं टाकली तेव्हा सगळी त्यालाच पडली. उशिरा यायचं त्याने अजून सोडलेलं नाही.

तिसरी गोष्ट, आणि नव्वद टक्के लोक इथेच कच खातात: पथकाला काहीही शिकवू नका. फक्त संघनायकांना शिकवा. शनिवारी संध्याकाळी चार संघनायक आणि चार उपनायक माझ्या घरी येतात, तासभर. उद्या जे करायचं ते आज त्यांनी करायचं. दोन काठ्या दोरीने बांधायची चौकोनी बांधणी असो, होकायंत्र असो, प्रथमोपचार असो. रविवारी ते आपापल्या संघाला शिकवतात आणि मी मैदानाच्या कडेला उभा असतो.

तेव्हा काय दिसतं सांगू? वाईट शिकवलेलं दिसतं. रीफ नॉटमध्ये उजवं टोक डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर, एवढं साधं. माझा संघनायक दोन्ही वेळा उजवंच वर घेत होता आणि सात पोरं मन लावून तीच निसटती गाठ शिकत होती. माझे हात शिवशिवत होते. पुढे होऊन दुरुस्त केलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम, पण मग त्या सातांनी पुढच्या वेळी त्याच्याकडे पाहिलंच नसतं, माझ्याकडे पाहिलं असतं. म्हणून खेळ संपल्यावर त्याला बाजूला घेतलं, त्याच्याच दोरीने गाठ मारायला लावली आणि ओढायला सांगितली. ती सुटली. पुढच्या रविवारी त्याने संघाला सांगितलं, ‘मागच्या वेळी मी चुकीची शिकवली.’ असं बोलायला मोठ्या माणसांना जमत नाही.

नियम असा: चूक सुधारायची ती फक्त संघनायकाची, तीही एकट्याची, आणि कधीही त्याच्या संघापुढे नाही.

चौथी गोष्ट कोर्ट ऑफ ऑनर. महिन्यातून एकदा सगळे संघनायक बसून पुढचा कार्यक्रम, हिशोब आणि तक्रारी ठरवतात. तुम्ही तिथे असता, पण मागे. पहिल्या काही बैठकांत मुलं प्रत्येक वाक्यानंतर मान वळवून तुमच्याकडे बघतील. मी त्यावर शोधलेला उपाय: मुलांकडे पाठ करून बसायचं आणि सोबत शेंगांची पिशवी घ्यायची. तोंडात शेंगा असल्या की बोलता येत नाही. हसू नका, चालतं हे.

आणि त्यांना खरे पैसे द्या. ‘खरी कमाई’ या उपक्रमात मुलं भेळ, लिंबू सरबत विकून जे कमावतात ते आपण गोळा करून ‘पथकनिधी’त टाकतो आणि त्यातून स्वतःच बॅनर छापतो, हे मला पटत नाही. आमच्याकडे शिबिराच्या शिध्याचे पैसे संघाच्या हातात जातात. पहिल्या वर्षी एका संघाने निम्मे पैसे फरसाणावर उडवले. रात्री त्यांच्याकडे भात होता, डाळ नव्हती. शेजारच्या संघाच्या पिठल्याचा वास येत होता. माझ्या पिशवीत पोहे होते, पण मी ते काढले नाहीत. मुलांनी भातावर फरसाण घालून खाल्लं. घरी गेल्यावर एका आईचा फोन आला, ‘मग तुम्ही तिथे काय करत होता?’ प्रश्न रास्त होता. ‘बघत होतो,’ म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही. पण पुढच्या शिबिरात त्याच संघाने यादी केली, दोन दुकानांत भाव विचारले आणि उरलेल्या पैशांत गूळही आणला.

एक मात्र खरं, उपाशी कोणालाच झोपू देऊ नका. ते पोहे त्यासाठीच असतात.

गप्प कुठे बसायचं नाही

हे वाचून कोणी शिबिरात खुर्ची टाकून मोबाईल बघत बसणार असेल तर त्याने बँकेतच बसावं. काही ठिकाणी संघनायकाचा मान वगैरे बाजूला ठेवून ताबडतोब ओरडायचं असतं. पाणी हे पहिलं. सज्जनगडाजवळच्या उरमोडी धरणाचा जलाशय काठावरून संथ दिसतो, पण काठ एकदम खोल होतो आणि तळाला गाळ असतो. आमच्या पथकात धरणात, तलावात कोणी उतरत नाही, पोहता येतं की नाही हा प्रश्नच नाही. कड्याची धार, चुलीजवळ रॉकेल, कोयता हातात घेऊन पळणं, हे त्याच यादीत. गडावर आग्या मोहोळ दिसलं तर त्याखाली धूर, आरडाओरडा, दगड काही नाही, वाट बदला.

आणि थोरल्या मुलाने धाकट्याला छळणं. संघपद्धतीची ही काळी बाजू आहे आणि ती कोणी लिहीत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती अकरा वर्षांची मुलं दिली की कधीतरी पाय चेपून घेतले जातात, भांडी एकालाच घासावी लागतात. म्हणून प्रत्येक शिबिरात मी सगळ्यात धाकट्या मुलांबरोबर एकदा तरी लाकडं गोळा करायला जातो. प्रश्न विचारत नाही. लाकडं वेचताना मुलं आपणहून बोलतात. तसं काही कळलं की त्याच दिवशी संघनायकपद काढून घेतो, आणि कारण कोर्ट ऑफ ऑनरमध्ये उघड सांगतो.

हे सगळं रुळायला आम्हाला आठ-नऊ महिने लागले. मधल्या काळात पथक आधीपेक्षा वाईट दिसतं. रांगा वाकड्या, कार्यक्रम उशिरा, पाहुण्यांचे चेहरे आंबट. याच काळात कोणीतरी जाणकार येऊन ‘जरा कडक व्हा’ म्हणेल. त्याला चहा पाजा.

बाकीचं

गणवेश: दुसरा महिना उलटल्यावर शिवा, गळती होते. कॅम्प फायर: 40 मिनिटं पुरे, नाटुकली प्रत्येकी तीन मिनिटं. बिनभांड्याचा स्वयंपाक: वांगी आणि रताळी निखाऱ्यात, बाट्या नंतर कधीतरी. लॉगबुक त्याच दिवशी भरून घ्या, राज्य पुरस्काराच्या चाचणीआधी एका रात्रीत तीन वर्षांचं लिहिलेलं परीक्षकाला शाईवरूनच कळतं. पावत्या डब्यात.

शिबिराहून परतल्यावर शेवटच्या मुलाला न्यायला माणूस येईपर्यंत दोघे मोठे तिथेच थांबा. आमच्याकडे हा शेवटचा मुलगा ठरलेला आहे. त्याचे बाबा एसटीत वाहक आहेत, गाडी डेपोत लागली की येतात. तोवर आम्ही तिघं दोऱ्या मोजत बसतो. दर वेळी दोन कमी भरतात.