रोजच्या कामांत खेळ कसा शोधावा

बस जागची हलत नव्हती. पुढे गाड्यांची रांग, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि फोनवर ताईचा मेसेज: ‘कुठे आहेस?’ नेहमीसारखं ‘ट्रॅफिकमध्ये अडकलोय, येतोच’ असं लिहिता लिहिता मनात आलं, हेच काना-मात्रा न वापरता सांगता येईल का? पहिलीच्या पुस्तकात ‘कमळ बघ’, ‘नळ बघ’ असतं, तसं. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, उकार नाही, अनुस्वार नाही, जोडाक्षर नाही. ‘ट्रॅफिक’ बाद. ‘अडकलोय’ बाद. ‘रस्ता’ही बाद, पण त्याला ‘सडक’ आहे. ‘पोहोचणं’ काही केल्या जमेना. मग लक्षात आलं, पोहोचण्याचं बोलायलाच नको, घर जवळ आहे एवढं कळवलं तरी पुरे. बऱ्याच खटपटीनंतर मेसेज गेला:

‘सडकभर गडबड, पण घर जवळ.’

थोड्या वेळाने ताईचं उत्तर आलं: ‘मग लवकर टपक!’ तिने नियम ओळखला होता आणि पाळलाही होता.

बस त्यानंतरही पाऊण तास तिथेच उभी होती. माझी चिडचिड मात्र केव्हाच गेली होती. कल्पकता म्हटलं की आपल्याला कॅनव्हास, वाद्य, रिकामी दुपार असं काहीतरी आठवतं, आणि ते जवळ नसलं की विषय संपतो. माझा अनुभव असा, की खेळ हातातल्या कामातच दडलेला असतो. तो बाहेर काढायची एक रीत आहे, आणि ती कुणालाही जमते.

१. आधी एकच काम निवडा

हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं राहतं, असं काम हवं. कपड्यांच्या घड्या, भांडी पुसणं, जिने चढणं, रांगेत उभं राहणं, झाडांना पाणी घालणं. गाडी चालवताना, औषधं मोजताना, विस्तवाजवळ काम करताना खेळ नको. तिथे लक्ष कामावरच हवं. जे काम तुम्हाला मुळातच आवडतं तेही सोडा, तिथे तुम्ही आधीपासून खेळताच आहात. आणि सुरुवातीला काम एकच घ्या. सगळा दिवस मजेचा करायला निघालेला माणूस दोन दिवसांत दमतो.

२. त्या कामाला एक नियम घाला

मोकळीक मिळाली की कल्पना सुचतात, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ‘काहीही लिही’ म्हटलं की पेन अडतं. मन आपल्या रोजच्या पायवाटेनेच जातं. नियम ती पायवाट बंद करतो, मग आडवाटेला शिरावंच लागतं. ‘सडकभर’ हा शब्द मी त्या दिवसापर्यंत आयुष्यात एकदाही वापरला नव्हता. ‘अडकलोय’ची वाट बंद झाली म्हणून तो सापडला.

हे फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेली माणसं आहेत. १९६० साली फ्रान्समध्ये रेमों क्नो आणि फ्रांस्वा ल लियोने यांनी लेखक आणि गणितज्ञांचा ‘उलिपो’ नावाचा गट सुरू केला. स्वतःवर बंधनं घालून लिहायचं, हाच त्यांचा उद्योग. त्यांच्यातल्या ज्यॉर्ज पेरेकने १९६९ साली एक अख्खी कादंबरी ‘e’ हे अक्षर न वापरता लिहिली, आणि फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त लागणारं अक्षर तेच. आपल्याला कादंबरी लिहायची नाही. पण तीच युक्ती कामांच्या यादीलाही चालते.

चांगला नियम एका वाक्यात सांगता येतो, त्याला वेगळा वेळ किंवा सामान लागत नाही, आणि मोडला तरी कुणाचं नुकसान होत नाही. सुरुवातीला हे घेऊन बघा:

- कपडे वाळत घालताना गडदपासून फिक्याकडे रंग लावत जायचं. दोन निळ्यांत गडद कोणता, यावर तुम्ही किती वेळ थबकता ते बघा.
- उद्याच्या कामांची यादी अशी लिहायची, की प्रत्येक ओळ एकाच अक्षराने सुरू होईल. ‘क’ सोपा आहे, ‘झ’ घेतलात तर घाम फुटेल.
- झोपण्यापूर्वी दिवस नेमक्या पाच शब्दांत सांगायचा. सहा नाहीत, चार नाहीत.
- रोजच्याच ठिकाणी जाताना एक वळण वेगळं घ्यायचं.

पाच शब्दांचा नियम दिसायला सगळ्यात साधा आहे, पण मला तो फार मोलाचा वाटतो. ‘आज खूप काम होतं, दमलो’ हेही पाच शब्दच, आणि पहिल्या दिवशी तेच येतं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचा कंटाळा येतो आणि तुम्ही दिवसभर नकळत शब्द वेचू लागता. एकदा माझा दिवस ‘लिफ्टमध्ये अनोळखी बाळ मनापासून हसलं’ एवढाच निघाला. नियम नसता तर ते बाळ माझ्या लक्षातही राहिलं नसतं.

३. वस्तूला तिचं नाव विसरायला लावा

मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेला छोटा खोका. एवढ्यातून मेणबत्ती भिंतीवर लावायची, आणि मेण खाली सांडता कामा नये. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डंकर यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे कोडं आहे. त्यांचा प्रबंध इंग्रजीत १९४५ साली आला. लोक मेणबत्तीला टाचणी टोचून बघतात, मेण वितळवून चिकटवून बघतात. उत्तर असं, की खोका रिकामा करायचा, टाचण्यांनी भिंतीवर ठोकायचा आणि मेणबत्ती त्यात उभी करायची. तोच खोका सुरुवातीला रिकामा समोर ठेवला, तर उत्तर कितीतरी जास्त जणांना सुचतं. भरलेला असला की तो ‘टाचण्यांचा खोका’ असतो आणि त्या नावापलीकडे नजर जात नाही.

१९८७ साली मानसशास्त्रज्ञ ॲलिस आयसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच कोडं वापरून पाहिलं. आधी थोडा वेळ विनोदी फिल्म बघून हसलेल्या लोकांनी ते इतरांपेक्षा जास्त प्रमाणात सोडवलं. खेळकर मनाला खोका रिकामाही असू शकतो हे दिसतं, असं मी यावरून समजतो.

सराव असा करा. रोज हाताळता ती एक वस्तू घ्या आणि तिचं नाव न घेता तिचं वर्णन करा. किल्ली समजा. ‘चपटी धातूची पट्टी, एका बाजूला दाते, टोकाला भोक, खिशात मावते, थंड लागते.’ आता या वर्णनाला विचारा, तुझं काय काय होईल? पार्सलची चिकटपट्टी कापता येईल. दोऱ्याला बांधून भिंत सरळ आहे का बघता येईल. ओल्या मातीवर दात्यांची नक्षी उमटेल. कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासली तर तिचं चित्र उमटेल. पहिल्या तीन-चार कल्पना शिळ्याच असतात, सगळ्यांनाच सुचणाऱ्या. तिथे थांबू नका. ‘आता काही सुचत नाही’ वाटल्यावर आणखी चार ओढून काढा. बहुतेक वेळा मजा त्या चारांतच असते. पिकासोने १९४२ साली जुन्या सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. ते बघितल्यावर पुन्हा नुसती सीट दिसणं कठीण जातं.

४. डाग आणि खाडाखोड टाकून देऊ नका

माझ्या न्हाणीघरात नळाच्या वर ओल आली आहे. रोज ती बघून कपाळाला आठ्या पडत. एका सकाळी दात घासताना तिच्या डाव्या कडेला वाकलेली मान दिसली, मग चोच, मग पाठीवर उचललेला एक पंख. त्यानंतर ओल वाढत गेली तसा पक्षी बदलत गेला: आधी पंख रुंदावला, मग शेपटीपाशी आणखी एक लहान पक्षी आला. मी दर रविवारी त्याचं रेखाटन काढायला लागलो. भिंत दुरुस्त करायला माणूस येईल तेव्हा वाईट वाटेल, अशी आता परिस्थिती आहे.

यात काही नवं नाही. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना लिहून ठेवलं आहे, की डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून बघा, तिथे डोंगर, नद्या, लढाया, चेहरे दिसतील. ही सूचना क्षुल्लक, हसण्यासारखी वाटेल, पण मनाला जागं करायला ती फार उपयोगी आहे, असंही त्याने म्हटलंय.

रवींद्रनाथ टागोरांची गोष्ट तर मला फार जवळची वाटते. कवितेच्या हस्तलिखितात ते नको असलेले शब्द खोडत. ती काळी खाडाखोड पानावर तशीच विखुरलेली त्यांना बघवत नसे, म्हणून ते एक खोड दुसरीला रेषेने जोडत. त्यातून विचित्र प्राणी, पक्षी, चेहरे निघत. १९२४ च्या सुमाराच्या ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात ही चित्रं दिसतात. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, आणि आयुष्यात एकूण त्यांनी दोन हजारांहून जास्त चित्रं काढली. सुरुवात होती चुकलेला शब्द खोडण्याची.

तेव्हा करायचं इतकंच: वहीत चुकलात की त्यावर काट मारून पुढे धावू नका. त्या काटेला अर्धं मिनिट द्या. दोन डोळे काढा, पाय फुटतात का बघा. शाईचा ठिपका पडला तर कागद दुमडून दाबा आणि उघडा.

५. अडलात तर उठा आणि चाला

ही पायरी छोटी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग सांगतात, की बसून असण्यापेक्षा चालताना वस्तूंचे नवनवे उपयोग जास्त सुचतात. ट्रेडमिलवर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चाललं तरी! मात्र ज्याचं एकच बरोबर उत्तर असतं, अशा प्रश्नांना चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. म्हणून हिशोब बसूनच करा, खेळ चालता चालता.

६. घरातल्या कुणाला तरी ओढा

एकट्याचा खेळ कधीतरी थंडावतो, दुसरा आला की पुन्हा पेटतो. त्यासाठी घडीच्या कागदाचा खेळ सगळ्यात सोपा. पहिल्याने वर डोकं काढायचं, कागद मागे दुमडायचा, फक्त मानेच्या दोन रेषा खाली दिसू द्यायच्या. दुसऱ्याने त्यावरून धड काढायचं, पुन्हा घडी. तिसऱ्याने पाय. मग सगळ्यांसमोर उघडायचं. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधले अतिवास्तववादी कवी आणि चित्रकार शब्दांनी आणि चित्रांनी हा खेळ तासन्‌तास खेळत. ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणाऱ्याला हा खेळ जास्त मानवतो, कारण एकूण चित्र कुणा एकाचं नसतंच.

कुणी नको म्हणालं तर आग्रह धरू नका. जबरदस्तीचा खेळ म्हणजे आणखी एक काम.

७. मोजू नका, दाखवत सुटू नका

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पाच शब्दांचा दिवस चांगला रंगला होता, तेव्हा मी वहीत रकाने आखले. सलग किती दिवस झाले ते मांडू लागलो, चांगल्या वाक्याला तारा देऊ लागलो, मित्रांना पाठवू लागलो. तीन आठवड्यांत खेळ मेला. रात्री वही उघडायचा कंटाळा येऊ लागला, आणि वाक्यं दुसऱ्याला आवडतील अशी होऊ लागली.

असं का होतं, याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९७३ सालचा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेली लहान मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक, न सांगता मिळालं होतं, त्यांची आवड मात्र टिकली.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन दुसऱ्या महायुद्धानंतर कॉर्नेल विद्यापीठात आले तेव्हा थकलेले होते, हातून आता काही घडणार नाही असं त्यांना वाटत होतं. त्यांनी ठरवलं, महत्त्वाचं असो-नसो, आता आपण भौतिकशास्त्राशी फक्त खेळायचं. कॅफेटेरियात कुणीतरी थाळी हवेत भिरकावली. ती गिरकी घेत होती आणि डगमगतही होती. गिरकी आणि डगमग यांच्या वेगांत नातं काय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांनी गणित मांडलं आणि सहकारी हान्स बेटे यांना दाखवलं. बेटे यांनी विचारलं, याचा उपयोग काय? फाइनमन म्हणाले, काहीच नाही. ज्या कामासाठी त्यांना १९६५ चं नोबेल विभागून मिळालं, त्याकडे आपण त्या थाळीपासूनच वळलो, असं त्यांनी पुढे सांगितलं. पण थाळीचं गणित करताना नोबेल त्यांच्या डोक्यात नव्हतं.

म्हणून निदान पहिला महिना फोटो काढू नका, आकडे ठेवू नका. एखादा दिवस राहिला तर राहू द्या. दुःखाच्या, आजारपणाच्या दिवसांत तर खेळाचा विचारही करू नका. तो कुठे जात नाही.

८. नियम शिळा झाला की बदला

जो नियम विचार न करता पाळता येतो, त्याचं काम झालं. तो आणखी कठीण करायचा किंवा थोडा सैल. ताईला आणि मला बिनकान्याची वाक्यं आता सहज येतात, म्हणून या आठवड्यापासून काना चालेल असं ठरलं आहे, बाकी सगळं बंदच. काल तिच्याकडून पहिला मेसेज आला: ‘आज लवकर आटप, चार वाजता दारात हजर!’ उत्तरात ‘हो’ लिहिता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.