बॅटरी कंटेनरांच्या पहिल्या चार्जिंगपूर्वी करावयाची तयारी

सौर किंवा पवन प्रकल्पाला जोडून बॅटरी साठवण उभारताना मेगावॅट (एका वेळी देता येणारी शक्ती) आणि मेगावॅट-तास (साठवता येणारी एकूण ऊर्जा) हे दोन आकडे आधी वेगवेगळे लिहून घ्यावेत, कारण 100 मेगावॅट व 400 मेगावॅट-तासांचा संच पूर्ण शक्तीने चार तास चालतो आणि 200 मेगावॅट-तासांचा दोनच तास. हमीची क्षमता बॅटरीच्या टोकाशी मोजायची की ग्रीडच्या मीटरवर, हेही करारात स्पष्ट असावे. इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि शीतकरण यंत्रणा ऊर्जेतील आपापला वाटा वाटेतच घेतात.

सुमारे 5 मेगावॅट-तासांच्या वीस फुटी कंटेनरचे वजन 40 टनांच्या घरात जाते. त्यामुळे रस्ता, पूल, वळणे आणि क्रेन उभी राहणार ती जमीन माल निघण्यापूर्वीच तपासावी. पाया समतल व साचणाऱ्या पाण्याच्या पातळीहून उंच असावा, केबलच्या नळ्यांची तोंडे उंदीर आणि ओल शिरणार नाही अशी बंद करावीत.

कंटेनर जागेवर बसला की घाई करू नये. दार उघडून शीतकाच्या (बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) नळ्यांचा प्रत्येक सांधा कोरड्या पांढऱ्या कागदाने पुसावा आणि कागदावर पुसटसा ओला डाग उमटला तरी काम थांबवावे. ही काळजी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियात गिलाँगजवळच्या व्हिक्टोरियन बिग बॅटरीला 30 जुलै 2021 रोजी चाचण्या सुरू असताना आग लागली. शीतकाच्या गळतीतून शॉर्टसर्किट झाल्याचा निष्कर्ष तपासात निघाला, आणि तो युनिट किल्लीने बंद ठेवलेला असल्याने त्याची देखरेख व काही संरक्षणेही त्या वेळी बंद होती. म्हणून तापमान, व्होल्टेज आणि गळतीचे इशारे नियंत्रण कक्षात प्रत्यक्ष दिसू लागेपर्यंत एकही रॅक (बॅटरी सेलची एकत्र जोडलेली मांडणी) जोडू नये. खटका बंद केला तरी सेलमधील ऊर्जा तशीच राहते, ही गोष्ट प्रत्येक तंत्रज्ञाला पहिल्याच दिवशी समजावून सांगावी.

अग्निशमन दलाला उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, तर त्याआधीच जागेवर बोलवावे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एप्रिल 2019 मध्ये बॅटरी साठवण कक्षाचे दार उघडल्यानंतर आत साचलेल्या ज्वलनशील वायूंचा स्फोट होऊन जवान गंभीर जखमी झाले होते. आतील तापमान व वायूचे प्रमाण बाहेरून कसे वाचायचे, दार केव्हा उघडू नये, वायू कोणत्या बाजूने बाहेर पडेल आणि पाणी कोठून मिळेल, हे त्यांच्यासोबत चालत जाऊन दाखवावे.

पहिले चार्जिंग कमी प्रवाहाने करावे. लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या लिथियम बॅटरी सेलचे व्होल्टेज चार्जच्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे केवळ त्यावरून शिल्लक चार्ज नीट कळत नाही. एकदा पूर्ण चार्ज करून मोजणी जुळवून घ्यावी आणि त्या वेळी सर्वांत उष्ण व सर्वांत थंड सेलच्या तापमानांतील फरक नोंदवहीत उतरवून ठेवावा.