डिसेंबरात भारतात जाताय? पाइप फोडणाऱ्या या चुका टाळा

डिसेंबर लागला की न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडच्या मराठी घरांत बॅगा भरायला सुरुवात होते. कुंड्या शेजाऱ्यांकडे जातात, चॉकलेटं वजनकाट्यावर चढतात-उतरतात आणि ऐन निघताना कुणीतरी म्हणतं, "तीन आठवडे घर रिकामंच आहे, हीटिंग बंद करून टाक. उगाच बिल कशाला?" यापेक्षा महाग पडणारी काटकसर मी तरी पाहिलेली नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारं बटण, ५५ फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली नेऊ नका. घरात १३ अंश असताना पाणी गोठेल कसं, हे कोडं मलाही पडलं होतं. पण थर्मोस्टॅट सांगतो ते हॉलमधलं तापमान. पाइप असतात बाहेरच्या भिंतीच्या पोटात, गॅरेजच्या छतात, सिंकखालच्या बंद कपाटात. तिथं हॉलची ऊब पोचतेच असं नाही. म्हणून थंडीची लाट आली की सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवायची. शिवाय रिकाम्या घरात हीटिंग चालू नव्हती, या कारणावरून विम्याची भरपाई नाकारली जाऊ शकते. निघण्यापूर्वी पॉलिसीतलं ते कलम वाचाच.

पाइप फुटू नये म्हणून थंडीत नळ बारीक सोडून ठेवतात, त्याबद्दलही गैरसमज फार. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे बर्फ असतो तिथंच पाइप फुटतो असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. पाइपात बर्फाचा बोळा बसतो, तो वाढत जातो, आणि बोळा व बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं. दाब वाढत वाढत जिथं पाइप किंवा सांधा कच्चा असेल तिथं फुटतो. नळ किंचित उघडा असला की हा दाब मोकळा होतो. त्यामुळे बादली भरेल अशी धार नको, बारीकशी पुरे; मात्र गरम आणि थंड दोन्ही नळांना. पाणी यायचं थांबलं म्हणून नळ बंद करणं ही तर घोडचूक. नळ उघडा राहायला हवा तो नेमका तेव्हाच.

हा उपाय घरात माणसं असतील तर. तीन आठवडे जाणार असाल तर मेन व्हॉल्व्ह, म्हणजे घरात येणारं सगळं पाणी अडवणारी झडप, बंद करा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे करा. घराला गरम पाण्याच्या रेडिएटरची हीटिंग किंवा आगीचे स्प्रिंकलर असतील तर आधी प्लंबरला विचारा.

बागेतल्या नळाला होज, म्हणजे झाडांना पाणी घालायचा रबरी पाइप, तसाच लावून ठेवतात. थंडीला टिकणाऱ्या नळाची खरी झडप भिंतीच्या आत, उबेत असते आणि बंद केल्यावर झडपेपुढच्या, नळाच्याच नळीतलं पाणी वाहून जातं. होज लावलेला असेल तर ते अडकतं, गोठतं आणि नळी चिरते. कळतं कधी? एप्रिलमध्ये पहिल्यांदा नळ सोडल्यावर, बेसमेंटची भिंत ओली झाली की.

पाइपावरच्या फोमला स्वतःची ऊब नसते, तो गारठा फक्त लांबवतो. भिंतीत इन्सुलेशन भरताना ते पाइप आणि बाहेरच्या भिंतीच्या मध्ये हवं. खोलीच्या बाजूनं ठासलं तर घराची ऊबच अडते.

"आमच्याकडे कुठं एवढी थंडी!" म्हणणाऱ्या टेक्सासातल्या डॅलसकरांना फेब्रुवारी २०२१ विसरता येणार नाही. १६ तारखेला पारा उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला, त्यात वीज गेलेली, आणि तिकडच्या बऱ्याच घरांत पाइप माळ्यावरून जातात. पारा २० फॅरेनहाइटकडे, म्हणजे उणे ७ सेल्सिअसजवळ उतरणार असेल तर सावध व्हायचं.

आमच्या पहिल्या हिवाळ्यात गॅरेजवरच्या बाथरूमचा नळ सकाळी कोरडा. वितळेल आपोआप म्हणून मी कामाला बसलो. दुपारी खरंच वितळलं, आणि गॅरेजच्या छतातून धार लागली. चिरलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गळत नाही, हे तेव्हा समजलं. मेन व्हॉल्व्ह शोधण्यात दहा मिनिटं गेली. तो होता बेसमेंटमध्ये, दिवाळीच्या कंदिलांच्या खोक्यांमागे.

तेव्हा नळ कोरडा दिसला की आधी व्हॉल्व्हपाशी कुणालातरी उभं करा, नळ उघडा ठेवा, आणि पाइप दिसत असेल तर हेअर ड्रायरनं नळाकडून सुरुवात करून बर्फाकडे सरका. ज्योत अजिबात नको. जमीन ओली असेल तर ड्रायरही नको. भिंतीआडचा पाइप असेल तर प्लंबरला बोलवा.

शेजाऱ्यांकडे किल्ली देताना त्या व्हॉल्व्हचा फोटोही पाठवून ठेवा. खोकी बाजूला केल्यावर काढलेला.