हादरे बसणाऱ्या भागात भटकं मांजर घरात कसं घ्यायचं

आमच्या पाटण तालुक्यात भूकंपाचा हादरा बसला की पहिले फोन चालू होतात, तुमच्याकडं भांडी वाजली का, पत्रा हलला का, आणि दहा मिनिटांत सगळे परत आपापल्या कामाला. कोयना धरणाच्या बाजूला राहणाऱ्याला ह्यात नवीन काही नाही. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या पडवीत एक भाटी येऊन बसली, आठवडाभरात घरची झाली, आणि पहिल्याच हादऱ्याला अशी गायब झाली की तिसऱ्या दिवशी पोटमाळ्यावर जुन्या कणगीच्या मागं सापडली, उपाशी आणि धुळीनं भरलेली. तेव्हा कळलं की आपल्याकडं मांजर पाळायचं म्हणजे घाबरल्यावर त्यानं कुठं लपायचं हे आपण आधी ठरवून ठेवायचं. लपणार तर ते नक्कीच, फक्त ती जागा आपल्याला उचलून नेता आली पाहिजे.

आधी ते कुणाचं आहे का बघा

दोन-तीन दिवस नुसतं लक्ष ठेवा. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर नसबंदी झालेलं आहे, म्हणजे कुणीतरी त्याची काळजी घेतलीय. हात लावू देत असेल तर कागदाची पट्टी गळ्यात सैल अडकवा, त्यावर "मांजर तुमचं आहे का?" आणि आपला फोन नंबर. आमच्या मनीची पट्टी चार दिवसांनी भिजून पडली पण फोन काही आला नाही. पिल्लं एकटी दिसली तर लगेच उचलू नका, आई खायला गेलेली असते, लांबून काही तास वाट बघा.

मग ताटली वाजवायला लागा

मागं पळून मांजर कधी हाताला लागत नाही. रोज एकाच वेळेला, एकाच जागी खायला ठेवा, आणि ठेवायच्या आधी स्टीलची ताटली चमच्यानं तीनदा वाजवा. हे गंमत म्हणून नाही सांगत, ह्या आवाजाचं पुढं मोठं काम आहे. खायला म्हणाल तर दूध नको, मोठ्या मांजरांना गाईचं दूध बहुतेक वेळा पचत नाही, जुलाब लागतात (आमच्या आजीला हे अजून पटलेलं नाही). बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला मासा चालतो. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात घालू नका, ते मांजराला विषच आहे.

कॅरेटचं घर

हे सगळ्यात महत्त्वाचं. बाजारात मांजराच्या पेट्या मिळतात पण आम्ही टोमॅटोची दोन प्लास्टिकची कॅरेट घेतली, एकावर एक तोंडाला तोंड लावून ठेवली, एका लांब बाजूला सुतळीनं चार ठिकाणी घट्ट बांधली म्हणजे ती बिजागरी झाली, आणि दुसऱ्या बाजूला अडकवायला दोन जाड नाड्या. हवा चहूबाजूंनी येते, दोघांना दोन्हीकडं धरून नेता येतं. आत आजीच्या जुन्या लुगड्याची घडी टाकली. झाकण महिनाभर उघडंच ठेवायचं, जेवण मात्र आतच द्यायचं. पहिल्या दिवशी तोंडाशी, मग थोडं आत, मग अगदी कोपऱ्यात. घाई करून एकदा जरी कोंडलंत तर परत पाय ठेवणार नाही, आम्ही केलंय हे, पंधरा दिवस वाया गेले.

कॅरेट ठेवायचं कुठं? फडताळाखाली नको, दगडी भिंतीला चिकटून नको, माळ्याच्या सामानाखाली नको. दाराजवळ पण वाटेत येणार नाही असं, आणि एकदा ठेवलं की जागा बदलायची नाही. कारण अंधार. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, तोही पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री. दोन्ही वेळा लोक झोपेत होते. झोपेतून उठून, लाईट नसताना, नुसत्या हातानं सापडेल तीच जागा खरी.

डॉक्टर

कॅरेटची सवय झाली की त्यातूनच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. जंताचं औषध, तीन महिन्यांच्या वर असेल तर रेबीजची लस, मांजरांची तीन आजारांवरची एकत्र लस, आणि पाच-सहा महिन्यांनंतर नसबंदी. घरात आधीचं मांजर असेल तर नवीन दोन आठवडे वेगळं ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२, आणि कोयनेत पाणी अडवलं तेही साल १९६२, म्हणून आमच्याकडं कुणी विसरत नाही. स्वतःच्या डोक्यानं दोन गोष्टी कधीच करू नका. ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजर मरतं त्यानं. आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध लावू नका, त्यात असतं ते परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक मांजराला चालत नाही. एका दुकानदारानं मला तेच हातात ठेवलं होतं, "सगळ्याला एकच" म्हणून. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हादरा बसला की

मांजराला आधी कळतं म्हणतात. भूकंपाच्या पहिल्या बारीक लाटा जोरदार लाटांच्या आधी येतात, त्या त्याला जाणवत असतील, पण त्यात हाताशी काही सेकंदच असतात आणि मांजर तर पालीलाही दचकतं, तेव्हा त्याच्या भरवशावर झोपू नका.

जमीन हलत असताना मांजराला धरायला जाऊ नका. खाली बसा, डोकं झाका, मजबूत टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय धरून ठेवा. थांबलं की चपला, बॅटरी, मग कॅरेटकडं हात. आत असेल तर झाकण लावा, नाड्या अडकवा, बाहेर. नसेल तर शोधत बसू नका, दार थोडं उघडं ठेवून निघा आणि बाहेरून ताटली वाजवा. भिंतीला तडा गेलेल्या घरात मांजरासाठी परत शिरायचं नाही, कितीही जीव तुटला तरी, कारण मागून धक्के येतच राहतात.

एकट्यानं हे होत नाही. दिवसा आम्ही शेतात असतो, म्हणून शेजारच्या काकूंना कॅरेटची जागा माहितीय आणि त्यांच्या गोठ्याची आम्हाला, दाव्याला बांधलेली जनावरं सोडायला विळा कुठं अडकवलाय ते पण. वाडीच्या ग्रुपवर एक यादी आहे, कुठल्या घरात म्हातारं माणूस, कुठं बाळंतीण, कुठं किती जनावरं, आणि शेवटी आमची मनी. पहिल्यांदा लोक हसले, नंतर दोघांनी स्वतःची मांजरं पण घातली. माणसं आधी, हे सांगायला नकोच. आजी सांगते १९६७ नंतर लोक कितीतरी रात्री अंगणातच झोपायचे. परत तसं झालं तर शाळेच्या मैदानात कुत्री पण येणार, म्हणून कॅरेटवर चादर टाकून ठेवायची, अंधारात मांजर शांत बसतं.

हरवलंच तर लांब जाऊ नका, घाबरलेलं मांजर बहुतेक दोन-चार घरांच्या आतच कुठंतरी दबून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. रात्री सगळं शांत झाल्यावर बॅटरी घेऊन खालून बघा, डोळे चमकतात. त्याची लुगड्याची घडी आणि खाणं घराबाहेर नेहमीच्या जागी ठेवा, ताटली वाजवा, आणि थांबा.

सापडल्यावर एखादा दिवस खाणार नाही, ते चालतं. दोन दिवस झाले तर मात्र डॉक्टरला फोन करा, उपाशी मांजराचं लिव्हर बिघडतं. आमच्या मनीनं मागच्या हादऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्लं, ते पण कॅरेटमधून तोंड बाहेर न काढता.