छातीतल्या गाठीची धास्ती आणि ताटातलं सोयाबीन

लातूरला हंगामात आडत बाजारात सोयाबीनच्या थप्प्या लागतात. आणि त्याच गावात माझ्याकडे आहार विचारायला आलेली बाई म्हणते, "मॅडम, सोयाबीन तेवढं लिहू नका, त्यानं छातीत गाठ होते म्हणे." घरात फोडणीला मात्र सोयाबीनचंच तेल! भीती ज्या द्रव्याची, ते तेलात उतरतच नाही म्हटलं तरी चालेल.

ते द्रव्य म्हणजे आयसोफ्लेव्होन. त्याची घडण बायकांच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनशी मिळतीजुळती, आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवर पोसतात. त्यातच प्रयोगशाळेत काही उंदरांना शुद्ध जेनिस्टीन (सोयाबीनमधलंच एक आयसोफ्लेव्होन) दिल्यावर गाठी वाढल्या, तिथून ही धास्ती पसरली. पण उंदराच्या पोटात या द्रव्याचं जे होतं ते आपल्या पोटात होत नाही, शिवाय इस्ट्रोजेनपुढे त्याचा जोर फारच कमी. शांघायमध्ये स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या ५,०४२ बायकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००९ साली निष्कर्ष आले: जास्त सोया खाणाऱ्यांत आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध घेणाऱ्यांनाही सोयानं अपाय झालेला दिसला नाही. म्हणून सोयाबीन काही औषध ठरत नाही. तिथल्या बायका लहानपणापासून टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, खातात, हेही ध्यानात ठेवा. पण घाबरून ताटातून काढायचं कारण उरत नाही.

आता खायचं कसं. वड्या सगळ्यात सोप्या. माणशी २५-३० ग्रॅम कोरड्या वड्या घ्या, म्हणजे साधारण मोठी मूठभर. त्यातून १३ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मिठाच्या पाण्यात उकळा, गार पाण्यात टाका आणि दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढा. पाणी पिवळट, फेसाळ निघतं. ते स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा पिळलं की उग्र वास जातो आणि काळ्या मसाल्याचा रस्सा आत मुरतो. न पिळता टाकलेली वडी म्हणजे ओला स्पंज, मग पोरं ताटात बाजूला सारणारच.

पोळीसाठी नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन पुरे. कच्चं मात्र गिरणीत टाकू नका, त्यातली काही द्रव्यं प्रथिनं पचू देत नाहीत. रात्रभर भिजवा, पाणी फेका, वीसेक मिनिटं उकळा, उन्हात कडकडीत वाळवा, जरा भाजा, मग दळा. ज्यादा घालाल तर पोळी वातड होते आणि सासूबाईंचा शेरा ऐकावा लागतो.

पाळी जाताना अंगातून वाफा येतात म्हणून आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या घेतात, त्याला माझी साफ ना. ताटातलं सोयाबीन वेगळं, अर्क काढून भरलेली गोळी वेगळी. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा उपचार चालू असतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी घ्या आणि सोयाबीन दुपारच्या जेवणात ठेवा. लागोपाठ घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही.

आणि हाताला गाठ लागलीच, तर सोयाबीन बंद करून महिनाभर वाट बघत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.